वाटीतलं पिल्लू

मंचरला हायवेलगत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा एक जण आहे. तो तोंडात स्क्रू धरूनच बोलतो, त्यामुळं त्याचं निम्मं बोलणं कळत नाही.

परवा मी मोटार घेऊन गेलो, तेव्हा तो दुकानातल्या माशांच्या काचेच्या टाकीपुढं उकिडवा बसला होता. तोंडात स्क्रू नव्हता.

"थांबा राव, गप्पीचं बाळंतपण चाललंय. आईच पिल्लं खाती."

जन्मलेलं एकेक पिल्लू तो चमच्यानं उचलून पाण्याच्या वाटीत सोडत होता. त्यातलं एक तळाशी निपचित पडलं. हिरवट पाण्यात ऊन डुलत होतं. बाहेरचे ट्रक ऐकू येईनासे झाले. कितीतरी वेळानं इवलीशी शेपटी हलली.

"पवतंय की!" तो हळूच म्हणाला आणि चमचा माझ्या हाती दिला. "पुढचं तुमी धरा, भाऊ. मी ह्याच्यापाशी बसतो."