चेसीवरची पायरी

ती घटना आठवली, की आजही मला आधी एक बुटकी लोखंडी पायरी दिसते.

धानोऱ्याचा एक जीपवाला ठाण्यात फिर्याद द्यायला आला. धानोरा ते नंदुरबार प्रवासी नेणारी त्याची जीप चोरीला गेली होती. ठाणे अंमलदाराने चेसी नंबर विचारला. चेसी म्हणजे गाडीची खालची लोखंडी चौकट. इंजिन, टप, माणसं, सगळा भार तिच्यावर. नंबरप्लेट कोणीही बदलतो, म्हणून आम्हा पोलिसांचा भरवसा चेसीवर कोरलेल्या नंबरावर. आमच्याकडे तर हा शब्द माणसालाही चिकटलाय. कंबर धरली, की म्हातारे स्वतःच म्हणतात, "चेसी गई भो!"

फिर्याद लिहून झाली तरी तो गृहस्थ उठेना. म्हणाला, "साहेब, गाडी गई ते गई, पन मन्ही पोरनी शाळा बंद पडी गई."

मुलीचा एक पाय जन्मापासून अधू. एसटीची उंच पायरी तिला चढवत नव्हती. बापाने जीपच्या चेसीला बुटकी पायरी वेल्डिंग करून घेतली होती. तिच्यावरून ती कोणाचा हात न धरता चढायची. यंदा तिची दहावी होती.

थोड्याच दिवसांत नंदुरबारातले एक वेल्डरचाचा गोणपाटात काहीतरी गुंडाळून ठाण्यात आले. "साहेब, एक गिऱ्हाईकनी चेसीवरथीन हाई कापाले सांगं. मी कापं. पन हाई कोन्ही लेकरूसाठे बनाडेल शे. फेकाले मन व्हयनं नही." चेसीचा नंबरही ताजा घासलेला त्यांना दिसला होता. गोणपाटात ती पायरी होती.

जीप त्यांच्याच आवारात रंगासाठी उभी होती. साध्या वेशात शिपाई बसवले. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं, ते थेट ठाण्यात पोचलं.

विशीतला तरुण. "सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली," हा त्याचा हेका.

"अरे, तिथे घोडे विकतात. जीप कधीपासून विकायला लागले?"

तो यात्रेचंच सांगत राहिला. आवाज चढवून पाहिला, उपयोग शून्य. दरडावून प्रत्येक माणूस बोलत नाही. शेवटी चहा मागवला आणि ती पायरी टेबलावर ठेवली. प्रश्न विचारणं थांबवलं. चहा निवला. मग तो हळूच म्हणाला, "साहेब, ती आते कशी चढस?"

मुलीचा विषयसुद्धा मी काढला नव्हता. आपण काय बोलून बसलो हे कळलं, तसा तो ओक्साबोक्शी रडू लागला. रोज त्याच जीपने तो कामाला जायचा. चोरी कशी केली, ते पुढे त्यानेच सांगितलं. पंचनाम्यात पायरी चेसीवरच्या कापलेल्या खुणांशी तंतोतंत जुळली.

चोरी केली म्हणून माणसाची माया आटत नाही, हे मी त्या टेबलाशी शिकलो. पुढे प्रत्येक आरोपीत मी आधी ती शोधली. दर वेळी सापडली असं नाही.

न्यायालयाच्या आदेशाने जीप आणि पायरी बापाला सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत सांभाळायला दिली. चाचांनी ठाण्याच्या आवारातच पायरी जोडून दिली. मुलगी सावकाश चढली, बसली आणि खिडकीतून मला म्हणाली, "साहेब, त्या दादाले कधी सोडशात? तो मन्हासाठे पुढली जागा सोडे."

"ते न्यायालय ठरवेल, बेटा," असं म्हणालो खरा, पण डोळे भरून आले होते.