प्रदर्शनाचा पट आणि पुढची खोली

पंचवटीतल्या माझ्या मित्राकडे आम्ही दर रविवारी दुपारी पटावरचा एक खेळ खेळायचो. तो, वहिनी आणि मी. खेळ असा, की शंभराहून जास्त वर्षांपूर्वी अमेरिकेत भरलेलं जागतिक प्रदर्शन आपणच भरवायचं. पटाच्या मध्यभागी आकाशपाळणा, भोवती विजेचं, शेतीचं, यंत्रांचं अशी दालनं. ज्याची माणसं दालनात जास्त, त्याच्या वस्तू तिथे मांडल्या जाणार. ठरावीक कार्डं उचलली की पाळणा पुढे सरकतो आणि त्याचे फेरे पुरे झाले की खेळ खलास. मला हरायला अजिबात आवडत नाही, आणि वहिनी मला दर वेळी हरवायच्या.

मी नकाशे काढणाऱ्या एका छोट्या ऑफिसात आहे. येत्या कुंभमेळ्यासाठी रुंद करायच्या एका रस्त्याचा कच्चा नकाशा गेल्या उन्हाळ्यात माझ्या टेबलावर आला. संगणकावर लाल रेघ ओढता ओढता एका कोपऱ्यावरच्या घरापाशी माझा हात थांबला. रेघ मित्राच्या पुढच्या खोलीतून जात होती. यातलं अक्षरही बाहेर जाता कामा नये, असं साहेबांनी बजावलं होतं. शिवाय कच्चाच तर नकाशा, बदलेलही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर मला नोकरीची भीती वाटत होती.

त्या रविवारी पट मांडता मांडता मित्र म्हणाला, "काय रे, एवढं मोठं प्रदर्शन उभं केलं, तर त्या जागेवर आधी कोण राहत होतं? पुस्तिकेत काहीच नाही."

"खेळ आहे तो. चाल कर तुझी," मी खेकसलो. त्याने एक कार्ड उचललं.

मग वहिनींनी विषय काढला. सासरे गेल्यापासून त्यांच्या सासूबाई दोन-दोन महिने एकेका लेकाकडे काढत होत्या. त्यांना आता कायमचं इथे आणायचं होतं. जिना चढवत नाही, म्हणून पुढच्या खोलीत त्यांची सोय करायची, तिथेच न्हाणीघर आणि संडास बांधायचा.

"भावजी, तुम्ही यातले जाणकार. दार कुठे काढू, सांगा ना."

तेव्हा बोलायला हवं होतं. जरा थांबा, एवढंच म्हणायचं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि गुण मांडायच्या कागदाच्या मागे पेन्सिलीने खोली काढायला लागलो. दार, खिडकी, पलंग, पलंगापासून संडासापर्यंत भिंतीला धरून चालायला दांडी. वहिनी खूश झाल्या. त्या दिवशी मी जिंकलो आणि मला स्वतःची शिसारी आली.

पुढच्या आठवड्यात गवंडी आला. मोजायच्या टेपचं एक टोक मित्राने धरलं, दुसरं मी. गल्लीच्या तोंडाशी तिकाटण्यावर दुर्बीण लावून रस्त्याचे मोजणीवाले उभे होते. ऊन फार होतं, म्हणून वहिनींनी त्यांना पाणी नेऊन दिलं. त्यांच्यातल्या एकाने मला ओळखलं आणि पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.

नकाशा बदलला नाही. पक्का होऊन त्यावर सह्या झाल्या, तेव्हा रेघ होती तिथेच होती. आता नोटिसा निघायला थोडेच दिवस उरलेत. सुरुवातीला बोलायची हिंमत नव्हती. आता बांधून झालंय, बोलून काय उपयोग, असं म्हणायची सोय झाली आहे.

मित्राची आई राहायला आली त्या दिवशी त्याने मला जेवायला बोलावलं. पुढच्या खोलीत नव्या पलंगावर त्या पाय पसरून बसल्या होत्या. मी पाया पडलो. त्यांनी माझा हात धरला तो सोडलाच नाही.

"खोली तूच काढून दिली म्हने. लय बेस झाली," त्या म्हणाल्या. "लय वणवण झाली रे बाबा माझी. आता मला हितून कोनी हलवू नका."

"नाही आई," मी म्हणालो. "कोण हलवतंय तुम्हाला?"