मान हलवणारा बैल आणि सरकीची पेटी

श्री. महादेवराव मिस्तरी यांना मी प्रथम पाहिले ते छप्पन साली, पोरे लाकडी बैल मिरवतात तो तान्हा पोळा दोन दिवसांवर आला असताना. घाटंजीजवळच्या त्यांच्या गावी शाळेवर मी नुकताच रुजू झालो होतो. पोरे शाळा सोडून त्यांच्या पडवीत जाऊन बसली होती. त्यांना आणायला गेलो आणि मीही तेथेच बसलो. महादेवराव चाकांवरचा सागवानी बैल करीत होते. दोरी ओढली की तो चाले आणि चालताना खऱ्या बैलासारखी मान हलवी. आसावर एक खुंटी होती. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ती मान उचलून सोडी. एवढेच. पण तोवर मी पाहिलेले सगळे लाकडी बैल ताठ मानेचे होते.

“पोरं न्याले आले का जी गुरुजी, का बैल पाहाले?” त्यांनी विचारले. मी खरे ते सांगितले.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीचे पत्र आले, त्यात मला विषय दिला होता: ‘मुलांचे आवडते खेळणीकार’. ते वाचून मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही. सणाची कला म्हणजे दोन दिवसांची करमणूक, कारागिराला फक्त हात असतात आणि डोके शेतमालकाला असते, हा समज आपण किती दिवस बाळगणार? त्या खेळण्यातून काय निघाले हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून तेच लिहितो.

महादेवरावांच्या पत्नी गंगाबाई पेरणीच्या दिवसांत रोजाने जात. तिफणीमागे बांधलेल्या पोकळ सरत्यात मुठीने सरकी सोडत दिवसभर चालायचे. एका संध्याकाळी मी पडवीत बसलो असताना त्या कंबर धरून आल्या. महादेवराव पुढच्या पोळ्यासाठी बैलाची मान बसवत होते.

“वा जी मिस्तरी! लाकडाच्या बैलाले मुंडी हालवाले शिकवलं, अन् सरकी टाकाले मीच! त्यालेच लावा ना कामाले.”

“त्याले पोट कुठं हाय, सरकी ठेवाले?” महादेवराव हसले.

“मंग द्या ना पोट. सुतार तुमी का मी?”

दुसऱ्या कोणी ही थट्टा हसून सोडून दिली असती. महादेवराव तिच्यामागे दोन हंगाम खपले. चाकावर एक लाकडी पेटी, आसावर तीच खुंटी. फेऱ्यागणिक ती पेटीच्या तळाची फळी सरकवी आणि ठरावीक अंतरावर सरकी पडे. पहिल्या वर्षी सरकीचे तंतू एकमेकांत गुंतून पेटी तुंबली, लोक पोट धरून हसले. दुसऱ्या वर्षी गंगाबाईंनी सरकी शेणमातीत नेहमीपेक्षा जास्त चोळून वाळवली आणि पेटी चालली. गावच्या पाटलांच्या शेतात सगळ्या गावाने ते पाहिले.

पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी शेतकी प्रदर्शन भरले. पाटलांनी पेटी बैलगाडीत घातली आणि तिच्यावरची पाटी लिहायला मला बोलावले, कारण माझे अक्षर बरे. नाव सांगितले ते स्वतःचे.

“पाटील, पेटी तर महादेवची आहे,” मी म्हणालो. तेव्हा त्यांना ‘राव’ कोणीच म्हणत नसे; मीही नाही.

“अन् महादेव कोनाचा? बलुतं त्याले माह्या खळ्यातून जाते. वखर त्यानं केला तं वखर माहा, तिफन केली तं तिफन माही. मंग हे पेटी त्याची कायले? लिवा गुरुजी, गाडी खोळंबली.”

बलुत्याच्या धान्यात सुताराचे डोकेही येते, असे पाटलांना मनापासून वाटत होते. आपण कोणाचे काही घेतो आहोत, हे त्यांच्या मनातही आले नाही. माझ्या मनात मात्र आले, आणि तरी मी लिहिले. त्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात गेलो आणि उंबऱ्यावरूनच परत फिरलो.

पेटीला पहिले बक्षीस मिळाले. महादेवराव प्रदर्शनाला गेले, रांगेत उभे राहिले, पाटी अक्षर अक्षर लावून वाचली आणि घरी आले. दोन दिवसांनी मी क्षमा मागायला गेलो. रंधा न थांबवता ते म्हणाले, “राग पाटलाचा नाही आला, गुरुजी. त्याले मी वळखतो. अक्षर तुमचं होतं, त्याचा आला.” मग घरात पाहून, “अवं, गुरुजीले चहा टाक.”

त्या वर्षी त्यांनी बलुते सोडले. गाव म्हणाले, आता हा उपाशी मरतो. महादेवरावांनी मान हलवणारे बैल घाटंजीच्या बाजारात विकायला मांडले, त्यातून लाकूड घेतले आणि पेट्या करू लागले. आज त्यांच्या कारखान्यात सहा माणसे आहेत, त्यांत दोघे नव्याने बौद्ध झालेल्या वस्तीतले. त्यांच्या हाती रंधा दिला म्हणून गावाने नाके मुरडली, तेव्हा महादेवराव म्हणाले, “लाकूड नाही इचारत, तुमी काहून इचारता?” आता आर्णीकडचे शेतकरीसुद्धा पेटी न्यायला येतात.

पेटीच्या बक्षिसाचे प्रशस्तिपत्र मात्र अजून पाटलांच्या बैठकीत लटकलेले आहे. नाव दुरुस्त करावे म्हणून मी प्रदर्शनाच्या कचेरीला दोनदा लिहिले, उत्तर नाही. आणि तेच पाटील या गौरवसमितीचे अध्यक्ष आहेत. ते समारंभात महादेवरावांना शाल पांघरणार, ‘खेळणीकार’ म्हणून! हा लेख ते छापू देतील की नाही, मला माहीत नाही. ती पाटी मी लिहिली होती आणि ती खोटी होती, एवढे तरी आज माझ्याच अक्षरात लिहून ठेवतो.

महादेवरावांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे, गंगाबाईंची थट्टा त्यांना रोज ऐकायला मिळावी, ही मारुतीरायापाशी प्रार्थना. पाटलांपाशी मागणी आहे: शालीच्या आधी ते प्रशस्तिपत्र भिंतीवरून उतरवून, चुकीचे नाव खोडून, सर्वांदेखत महादेवरावांच्या हाती द्यावे. देव महादेवरावांना शंभर वर्षे देईल असा माझा विश्वास आहे, पण त्याच्या भरवशावर आपण आणखी उशीर करू नये.