उन्हात ठेवलेलं पिल्लू
आमसुलांच्या बरणीचं झाकण उघडलं की त्या आंबट वासाबरोबर मुलुंडच्या डोंगराखालचं आमचं मागचं अंगण आठवतं. आई तिथे चटईवर आमसुलं वाळवायची. त्या सकाळी मी आमच्या मांजरीचं एकुलतं पिल्लू खोक्यातून गुपचूप काढलं, जरा ऊन लागू दे म्हणून चटईच्या कडेला ठेवलं आणि पाणी प्यायला आत गेले. आठवडाभर मेलेलं पोर छातीशी धरून फिरणारी माकडीण त्या दिवशी रिकाम्या हातांनी भिंतीवर बसली होती. मी परत आले तेव्हा पिल्लू तिच्या कुशीत होतं आणि ती आंब्यावर चढली होती. बाबांनी काठी उचलली, तशी आई ओरडली, "अहो, मारू नका, ती सोडून देईल त्याला!" तिने सोडलं नाही. दोन दिवस खाली मांजरी ओरडत होती आणि वर पिल्लू. तिसऱ्या दिवशी नुसती मांजरीच ओरडत होती, आणि माकडिणीच्या छातीशी पुन्हा एक मेलेलं पोर होतं. "एवढंसं पिल्लू बाहेर आलंच कसं गं?" आई कितीतरी दिवस विचारत राहिली. ही तिने भरलेली शेवटची बरणी, आणि मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.