देवीचा मुराळी

आंबेजोगाईची देवी मूळची कोकणातली. आमच्याकडं कुणालाही विचारा. परळीच्या वैजनाथाशी तिचं लग्न ठरलं, वऱ्हाड कोकणातून निघालं, वाटेत उशीर झाला, मुहूर्त टळला आणि देवी आंबेजोगाईलाच राहिली. म्हणून कोकणातली माणसं अजून गाड्या करून तिच्या दर्शनाला येतात. ती आली की आमची माय त्यांना देवळाच्या पायरीवर गाठायची आणि विचारायची, "मुराळी आलात का? लई उशीर केलात."

मुराळी म्हणजे सासरच्या लेकीला माहेरी न्यायला येतो तो. भाऊ, चुलता, कुणीही घरचा माणूस. कोकणातल्या मंडळींना वाटायचं, म्हातारीला प्रसाद पाहिजे. ते तिच्या हातावर पेढा ठेवायचे. माय पेढा खायची आणि मला म्हणायची, "ह्यातला एकबी न्यायला आलेला न्हाई."

तिचं स्वतःचं माहेर माजलगावच्या धरणात गेलं. दिंद्रुडच्या पुढं, नदीकाठी होतं. गाव उठलं तेव्हा मी लहान होतो. एकुलता एक मामा पुण्याकडं कुठंतरी गेला आणि तिकडंच वारला. त्यानंतर तिला न्यायला कुणी आलं नाही. आलं असतं तरी नेलं कुठं असतं? नागपंचमीला गल्लीतल्या बाया पिशव्या भरून माहेरी निघायच्या, तेव्हा माय मेंढरं घेऊन माळावर जायची. मला खरंच वाटायचं की तिला मेंढरं आवडतात.

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, आता मेंढरांमागं फिरणं बंद. माय आठ दिवस भिंतीला टेकून बसली आणि नवव्या दिवशी म्हणाली, "मला देवीच्या माहेरी न्हे. त्यास्नी सांगते, लेकीला न्यायला या म्हून."

"कोणतं गाव?" मी विचारलं.

"कोकण."

"कोकण हे गाव न्हाई, माय."

"मग इचारत जाऊ की."

योगायोगानं तात्या कोकणातच निघाले होते. तात्या म्हणजे माझे चुलते, गावचे माजी उपसरपंच. निवडून आलो तर गणपतीपुळ्याला येईन, असा त्यांचा नवस होता. ते पडले. तरी निघाले, कारण पुढच्या खेपेचा नवस आगाऊ फेडून ठेवावा असा त्यांचा विचार होता. जीप त्यांची, त्यामुळं पुढं तेच बसले आणि बोलायचंही त्यांनीच. गाडी चालवायला मी.

कोल्हापूर सोडल्यावर रस्त्यावर पाटी आली, 'आंबा घाट'. मायनं गाडी थांबवायला लावली. उतरून तिनं पाटीला हळद वाहिली आणि डोकं टेकलं. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून घाट डोक्यावर घेतला. मी म्हणालो, "माय, हे आंबा नावाचं गाव हाय." तात्यांनी मला गप केलं. "देवी ह्याच घाटानं वर आली," ते म्हणाले. आदल्या रात्रीपर्यंत त्यांना हा घाट आहे हेही माहीत नव्हतं.

गणपतीपुळ्याला मायनं पहिल्यांदा समुद्र बघितला. बराच वेळ बघितला. मग तात्यांना विचारलं, "भावजी, ह्याच्याखाली किती गावं हायत?"

"गावं न्हाईत वैनी, समुद्र हाय हा. नुसतं पाणी."

"आमच्याकडंबी आता नुसतं पाणीच हाय."

तात्यांना भाषणात कधी अडखळायला होत नाही. इथं ते भेळ आणायला निघून गेले.

देवळात मायनं पुजाऱ्यांना विचारलं, आंबेजोगाईच्या देवीचं माहेर हेच का? ते म्हणाले, इथं नाही, गुहागरच्या बाजूला विचारा. जयगडला खाडी आडवी आली. जीप बोटीत चढवली, तर माय गाडीतून उतरेना. "आदी गाडीत बसायचं, मग गाडीनं होडीत बसायचं, एवढ्यात देवी चालत गेली असंल," ती म्हणाली. पलीकडं हेदवीला विचारलं. वेळणेश्वरला विचारलं. नारळवाल्याला विचारलं, पार्किंगवाल्याला विचारलं, मुंबईहून आलेल्या एका जोडप्याला विचारलं, ते बिचारे स्वतःच रस्ता चुकले होते. प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न, आणि प्रत्येक ठिकाणी माणसं आधी तिच्याकडं, मग माझ्याकडं बघायची.

वेळणेश्वरच्या पायऱ्यांवर माझं डोकं फिरलं. ऊन मरणाचं, अंगाला नुसता चिकचिकाट. मी म्हणालो, "माय, देवीचं लग्नच झालं न्हाई. सासर न्हाई, तर माहेर कुठून येणार? कावून येड्यावानी इचारत फिरतीस?"

तात्याही माझ्याकडं बघायला लागले. मायनं चप्पल घातली आणि जाऊन गाडीत बसली. त्यानंतर तिनं कुणालाच काही विचारलं नाही. मला वाटलं, बरं झालं. दहा मिनिटांनी वाटलं, मेलो असतो तर बरं झालं असतं.

गुहागरच्या अलीकडं एका वाडीत देवीचं छोटं देऊळ दिसलं. गाडी मीच थांबवली. माय दर्शन घेऊन आली. शेजारच्या कौलारू घराच्या अंगणात एक म्हातारी बाई आमसुलं वाळत घालत होती. शेवटी मीच तिच्याकडं गेलो. एवढं मायला बोललो होतो, आणि आता तोच प्रश्न माझ्या तोंडातून निघेना. "आमी आंबेजोगाईकडचे," एवढंच म्हणालो.

"आंबेजोगाई?" तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "अहो, ती आमची कुलदेवता! तिच्या गावाहून आलात? मग असे उन्हात काय उभे राहताय? या, ओटीवर बसा."

माझ्या मागोमाग आलेली माय दोन पावलं मागं सरकली. "न्हाई बाई. मला वटी चालत न्हाई. मालक जाऊन आठ वरसं झाली."

आमच्याकडं ओटी म्हणजे एकच. सवाष्णीच्या पदरात तांदूळ-नारळ घालतात ती. नवरा गेला की ती बंद. बाप गेल्यापासून माय लग्नाकार्यात ओट्या भरायच्या वेळी उठून भांडी घासायला जाते, हे मी बघितलेलं आहे.

कोकणातल्या बाईला आधी काही कळेना. मग तात्यांनी पुढं होऊन सभेत खुलासा करावा तसा खुलासा केला. "वैनी, ह्यांच्यात पडवीला वटी म्हनत्यात. बसायची जागा हाय ती." माय लाजून लाल झाली. "मला काय ठावं," ती पुटपुटली आणि पायरीवर कडेला टेकली.

ती बाई हसली नाही. आत गेली. मला वाटलं, पाणी आणायला गेली. ती दुसरं सूप घेऊन आली. त्यात तांदूळ, नारळ, सुपारी आणि हिरवा खण.

"पदर पुढे करा," ती म्हणाली.

"अवो, सांगितलं की मी तुमाला..."

"ऐकलं मी. मीही तशीच आहे." तिच्या कपाळावरही काही नव्हतं. "तुम्ही देवीच्या गावच्या, म्हणजे आमच्या घरच्या. घरच्या लेकीला रिकाम्या पदरानं पाठवू का? करा पदर पुढे."

मायनं पदर पुढं केला. थोडे तांदूळ सांडले. मग ती रडली. बाप गेला तेव्हा रडली नव्हती एवढी रडली. मला समोर बघवेना. मी आमसुलांकडं बघत राहिलो आणि पायऱ्यांवर बोललेला शब्द न् शब्द मला आठवला.

डोळे पुसून मायनं विचारलंच, "देवीला न्यायला कदी येताव?"

"गुडघे, हो," बाई म्हणाली आणि साडी सावरत गुडघा दाखवला. "देवळाच्या पायऱ्या आता होत नाहीत. तुम्हीच सांगा तिला, रोज आठवण काढते म्हणून."

मग दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली. एरंडाचं पान की निर्गुडीचा पाला, यावर अर्धा तास गेला. तात्यांना कुणी बोलू दिलं नाही.

परतीच्या वाटेवर मायनं पदराची गाठ सोडली नाही. जेवतानाही एका हातानं धरून होती. आंबेजोगाईला पोचल्यावर तिनं त्यातले निम्मे तांदूळ देवीपुढं ठेवले आणि निरोप सांगितला. "यायच्या न्हाईत. गुडघे धरलेत. पर आठवन काढत्यात." मग नारळ आणि खण घेऊन घरी आली.

पंचमी आली. सकाळी गल्लीतल्या बाया पिशव्या घेऊन निघाल्या. माय भिंतीला टेकून बसली होती, मेंढरं आता माझी बायको नेते. मी इस्त्रीचा शर्ट घातला, टोपी घातली, मोटरसायकल दारात लावली आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "चल माय," मी म्हणालो, "तुझा मुराळी आलाय. धरणापस्तोर जाऊन येऊ."

तिनं मला पायापासून टोपीपर्यंत बघितलं. भिंत धरून उठली, आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली. हातात पिशवी, आणि अंगात हिरव्या खणाची चोळी. ती कधी शिवून घेतली होती, कुणालाच माहीत नव्हतं.

मागं बसताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "कावून रं इतका उशीर केलास?"