फिटरकाकांचा एक कान

फिटरकाका एकाच कानाने ऐकत. ही गोष्ट ते पहिल्या भेटीतच सांगून टाकत, आपलं गाव सांगावं इतक्या सहज. सिंदीच्या एका जिनिंगमध्ये त्यांनी तीसेक वर्षं फिटर म्हणून काढली होती. कापसातून सरकी सोडवणाऱ्या त्या यंत्रांच्या ओळीत शेजारी उभा असलेला माणूस काय ओरडतो तेही कळत नाही. काका डाव्या कानात कापसाचा घट्ट बोळा घालत, वरून रुमाल बांधत आणि उजवा कान उघडा ठेवत. मशीन ऐकल्याशिवाय फिटरचं काम होत नाही, म्हणून एक कान उघडा हवाच. निवृत्त होईतो तो उजवा कान पार गेला. "एक कान मालकाले देला, एक माहा," असं ते म्हणत. वर हसत, आणि डावा कान पुढे करून तुमच्या उत्तराची वाट बघत.

आवाजाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "मशीन बिघडाच्या आधी आवाज येते, बाई. आवाज कधी खोटं नाई बोलत. नवा आवाज आला का आधी खोलून पाहाचं, मंग च्या प्याचा." मी गणित शिकवते. असल्या वाक्यांना मान डोलावते आणि विसरून जाते. हे वाक्य मी विसरले नसते तर आज हे लिहायला बसले नसते.

आमची ओळख झाली ती माझ्या वडिलांच्या टेपरेकॉर्डरमुळे. तेव्हा मी सिंदीच्या शाळेत होते. टेप दुरुस्त करायला त्यांच्या घरी दिला आणि घ्यायला गेले, तर दारावर खडूने लिहिलेली पाटी लटकत होती: 'ऐकून राह्यलो. थांबा.' मी थांबले नाही. थांबणं माझ्या स्वभावातच नाही. आत काका खुर्चीत मान उजवीकडे कलती करून, डावा कान स्पीकरकडे लावून बसले होते. डोळ्यांनीच त्यांनी मला बसायला वेताचा मोढा दाखवला. कुठल्या तरी परक्या भाषेत चार-पाच बायका गात होत्या. अल्बम लावला की पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. मी मनातल्या मनात उत्तरपत्रिका तपासत बसले. संपल्यावर काकांनी विचारलं, "शेवटच्या गान्यात मांगून एक म्हातारा गाते, तो ऐकला काय?"

मी म्हटलं, "हो तर! छान आवाज होता."

"म्हातारा नव्हताच, बाई." काका इतके गोड हसले की रागही येईना. "ऐकलं नाई त नाई म्हनाचं. त्याच्यात कमीपना नाई."

काकू आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सगळ्याईलेच असे फसवतेत. तुमी मनावर नका घेऊ." मी घेतलंच मनावर. दर आठवड्याला जाऊ लागले.

पुढे माझी बदली अल्लीपूरला झाली. वर्ध्याच्या एका बँकेतला नितीनही काकांकडे ऐकायला येई, त्याने मोबाईलवर ग्रुप काढला. काका धरून आम्ही अकरा जण. दर रविवारी सकाळी सात वाजता काकांची आठवड्याची यादी येई: सात दिवस, सात अल्बम. भंगारातून उचललेल्या रेकॉर्डी, लग्नाच्या बँडवाल्यांनी टाकून दिलेल्या कॅसेटी, नातवाने फोनवर शोधून दिलेलं काहीबाही. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसे. ते बोलत तसंच लिहीत. 'सोमवार: परदेशातल्या चर्चमधला ऑर्गन. पयल्या बाजूले वाटलं गिरनी चालू हाये, दुसऱ्या बाजूले वाटलं गिरनीत देव बसला हाये.' 'मंगळवार: आफ्रिकेतले ढोल. आपल्या डफड्याचे सख्खे भाऊ.' 'बुधवार: भीमजयंतीच्या गान्याची जुनी कॅसेट. बाईचा गळा सर्दीनं बसला होता, म्हनून अजून खरी वाटली.' मग दिवसभर आम्ही ते ऐकायचं, आपलं मत टाकायचं, भांडायचं. रोहण्याचे देवरावभाऊ फोन संत्र्याच्या झाडाला टांगून ऐकत आणि झाडालाही आवडलं म्हणून कळवत.

म्हाताऱ्याची ती जुनी खोडी काकांनी ग्रुपवरही सोडली नव्हती. मध्येच एखाद्या आठवड्याला विचारत, "शेवटी कोंबडा आरवते, ऐकला काय?" जो 'ऐकला' म्हणेल त्याला महिनाभर 'कोंबडा' म्हणत. नितीन दोनदा कोंबडा झाला. मी पुन्हा कधी झाले नाही.

दोन वर्षांपूर्वी, थंडीत, एका रविवारी यादीत हे आलं: 'शुक्रवार: बासरी. दुसऱ्या बाजूले मांगून बारीक शिट्टी येते. लांबून इंजिन यावं तशी. माह्या मशीनीत हाये का रेकॉर्डीत, समजून नाई राह्यलं. तुमी आपापल्या फोनवर ऐकजा अन् सांगजा.'

मी ती बासरी दोनदा ऐकली. शिट्टी नव्हती. म्हटलं, आला काकांचा कोंबडा. आणि मला एक कल्पना सुचली. ती माझीच होती, इथे ते स्वच्छ लिहिते. मी काका सोडून बाकी नऊ जणांना एकेक फोन केला: या खेपेला काकांनाच कोंबडा करू, सगळ्यांनी 'ऐकू आली' म्हणायचं, पुढच्या रविवारी फोडू. सगळे खूश झाले. दुपारपर्यंत ग्रुपवर दहा होकार पडले. कोणी म्हणालं दुसऱ्या मिनिटाला येते, कोणी म्हणालं अंगावर काटा आला. मी लिहिलं, 'फारच बारीक आहे, पण आहे.'

काकांचं उत्तर आलं: 'बरं झालं. मले वाटलं होतं माह्याच कानात काई हाये.'

मी मोठ्याने हसले आणि नवऱ्याला म्हटलं, "म्हातारा पक्का नाटकी आहे बघ."

पुढच्या रविवारी फोडायचं राहिलं, कारण त्या यादीत शिट्टी तीन अल्बममध्ये होती. त्याच्या पुढच्या रविवारी सातही दिवशी. ऑर्गनमध्ये होती, ढोलांच्या मागे होती, जयंतीच्या कॅसेटमध्ये त्या बसलेल्या गळ्याच्या खाली होती. काकांना जन्माचा ठेवा सापडल्यासारखं झालं होतं. 'साऱ्या जगाच्या गान्याच्या बुडाशी एकच सूर हाये,' त्यांनी लिहिलं. 'इतके वर्स ऐकलं, आत्ता गावला.' ते खेळ ताणताहेत असं आम्हाला वाटलं, म्हणून आम्हीही ताणला. देवरावभाऊंचा मला फोन आला, "बाई, मजाक राहू द्या, पन काल मले खरंच ऐकू आला तो सूर." मी त्यांना वेड्यात काढलं. पण त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात एकटी असताना मी पंखा बंद करून थोडा वेळ कान देऊन बसले होते. मला भीती का वाटली ते तेव्हा कळलं नाही.

यादीचा रंग बदलत गेला. 'गानारे आजकाल तोंडातल्या तोंडात गातेत.' 'सुईले धार नाई राह्यली, नवी टाकली, तरी तेच.' पूर्वी वाजवणाऱ्याने घेतलेला श्वासही काकांना ऐकू जाई. आता ते बाकी सगळं सोडून फक्त त्या सुराबद्दल लिहीत. मग काकूंचा फोन आला. "बाई, हे चालता चालता चौकटीले धडकून राह्यले. तीनदा हाका माराव तवा पायतेत. मी म्हनलं दवाखान्यात चला, त मनतेत ग्रुपातल्या दहा जनाईले ऐकू येते, मले काय झालं? तुमी सांगा ना त्याईले. तुमचं ऐकतेत."

मी काय म्हटलं असेन? "वय झालं, काकू. होतं असं." ओठावर आलेलं खरं मी गिळलं. आपण केलेली थट्टा इतक्या लांब गेली हे कबूल करायची मला लाज वाटली.

उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली तेव्हा एका दुपारी मी सिंदीला गेले. काका भिंतीला हात लावत दारापर्यंत आले. "जय भीम, बाई! या, तुमाले दाखवतोच." दारावर पाटी लटकवली, मला मोढा दिला आणि बासरीची तीच रेकॉर्ड लावली. कूलर घरघरत होता. काका मान कलती करून बसले. दुसरी बाजू सुरू झाली आणि त्यांनी बोट वर केलं. "आला. हा पाहा."

तिथे काहीच नव्हतं. बासरी होती, कूलर होता.

तेवढ्यात लाईट गेली. कूलर बसला. बासरी खाली खाली येत, जड होत, बंद पडली. तबकडी थांबली. बाहेर उन्हात कुठे पानसुद्धा हलत नव्हतं. काकांचं बोट मात्र वरच होतं, आणि चेहऱ्यावर तेच समाधान. "आता कसा चांगला येऊन राह्यला," ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष तबकडीकडे गेलं. बोट हळूहळू खाली आलं.

"लाईट गेली काय, बाई?"

"हो काका."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी मान डोलावली.

"मंग हे कोन वाजवून राह्यलं?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून, सगळं सांगितलं. शिट्टी कोणीच ऐकली नव्हती. कल्पना माझी होती. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. काका रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मी मशीन खोलली होती, बाई. दोनदा खोलली. तिच्यात काई नव्हतं. मंग कानच खोलून पाहाचा राह्यला होता. पन तुमी दहा जन म्हने रेकॉर्डीत हाये, मी एकटा. म्हनून थांबलो."

तपासणीत डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. ती मेंदूकडे सरकत होती, काढावीच लागणार होती, आणि कान राहणार नव्हता. डॉक्टर चांगले होते, पण त्यांनी विचारायचं ते विचारलंच: "कानात आवाज येतो तर इतके महिने आणलं का नाही? गाठ लहान असताना आणलं असतं, तर कान वाचवायचा प्रयत्न तरी करता आला असता." काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

ऑपरेशनला आठवडा होता. काकांनी हट्टाने तो घरी काढला. आम्ही दहाही जण सुचवत होतो, हे ऐका, ते ऐका. त्यांनी कोणाचंच घेतलं नाही. रविवारी सकाळी सात वाजता दवाखान्याच्या खाटेवरून यादी आली. ऑर्गन होता, ढोल होते, जयंतीची कॅसेट होती. प्रत्येकापुढे एकच शब्द होता: 'पुरं.' शेवटी लिहिलं होतं: 'शनिवार: घर. सकाळपासून दिवा लागेपर्यंत. हिच्या बांगड्या, भाकरीची थाप, नळ, भांडे. जेवढं आलं तेवढं ऐकलं. मधी उठलो नाई.'

काका वाचले. कान गेला. आणि ज्याची मी कल्पनाच केली नव्हती ते झालं. गाणं गेलं, काकूंचा आवाज गेला, तो सूर मात्र गेला नाही. डॉक्टर म्हणाले, काहींच्या बाबतीत तो राहतो. दारावरची ती पाटी आता घरात असते. 'ऐकून राह्यलो. थांबा.' हे पुसून काकू तिच्यावर खडूने लिहितात: जेवण झालं, गोळी घ्या, बाई आल्या आहेत.

दोन महिने ग्रुपवर कोणी काही टाकलं नाही. मग एका रविवारी, सकाळी सातला, काकांची यादी आली. रविवारपासून शनिवारपर्यंत सातही वार लिहिले होते आणि प्रत्येकापुढे एकच: 'तोच.' खाली प्रश्न होता: 'तुमाले ऐकू आला काय?'

सगळे माझी वाट बघताहेत हे मला कळत होतं. मी खुर्चीत सरळ बसले, पंखा बंद केला, डोळे मिटले आणि जेवढं ऐकता येतं तेवढं ऐकलं. मग लिहिलं, 'नाही, काका. मला ऐकू आला नाही.' त्याखाली एकामागून एक नऊ 'नाही' पडले. शेवटचा देवरावभाऊंचा होता.

थोड्या वेळाने काकांचं उत्तर आलं.

'मंग माह्याच कानात हाये. हे तवाच सांगाले पाहिजे होतं, बाई.'