नवसाची दाढी

नागपूरच्या डॉक्टरांनी माझा जबडा माझ्या हातात ठेवला तेव्हा मी जवळजवळ किंचाळलेच. खरा नव्हता, सीटी स्कॅनवरून बनवलेला प्लास्टिकचा नमुना होता. पण उजवीकडं भरलेला, डावीकडं खंगलेला, म्हणजे माझाच. उजव्या बाजूवरून संगणकानं डावीचं माप काढायचं, त्या मापाचा इम्प्लांट बनवायचा आणि तोंडाच्या आतून चिरा देऊन हाडावर स्क्रूनं बसवायचा, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावत होते, लक्ष मात्र हातातल्या त्या वाकड्या वस्तूकडं होतं. चौतीस वर्षं मी हे घेऊन फिरत होते.

"घरात आणखी कुणाचं असं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. मी लहानपणी बैलगाडीवरून पडले होते."

त्यांनी पडद्यावरचं चित्र फिरवून फिरवून पाहिलं. "पडल्याची काहीच खूण नाही. हाड मोडलेलं नाही, सांधाही चांगला आहे. ही घडण जन्माचीच."

मी त्यांना पुन्हा बघायला लावलं. कारण आमच्या संग्रामपूरकडच्या गावात माझं वाकडं तोंड म्हणजे आईचा गुन्हा होता. मी चार वर्षांची असताना आई मला घेऊन कापूस भरलेल्या गाडीवर बसली होती. चाक खड्ड्यात गेलं आणि मी तिच्या मांडीवरून तोंडावर आपटले. तोवर गुबगुबीत गालांत काही दिसत नव्हतं. पुढं गाल उतरले तसं तोंड कललेलं दिसू लागलं. मग आजी आणि आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "मायनं पाडलं पोरीले." बाबा तसं कधी बोलले नाहीत. ते गप्प बसायचे, आणि मला ते फार मोठ्या मनाचे वाटायचे. आई मात्र त्यानंतर बैलगाडीत कधी बसली नाही. शेतात जाताना सगळ्या बाया गाडीत आणि ही मागून पायी. मला बघायला पाहुणे आले की ती मला डावी बाजू भिंतीकडं करून बसवायची आणि स्वतः स्वयंपाकघरातून बाहेरच यायची नाही.

ऑपरेशन झालं ते कपाशीवरच्या बोंडअळीचं वर्ष होतं. बीटीचं बियाणं आल्यापासून अळीला विसरलेले लोक बोंड फोडून आतली गुलाबी अळी एकमेकांना दाखवत होते. बाबा दवाखान्यात आले नाहीत, कपाशीची किडलेली पऱ्हाटी उपटायची आहे म्हणाले. खरं तर त्यांचा पहिल्यापासून विरोधच होता. "देवानं देल्लं तोंड हाय, काऊन कापून घेऊन राह्यली?" एवढं म्हणायचे आणि उठून जायचे. मी शाळेत शिकवते, पगार माझा, तोंड माझं. मी ऐकलं नाही.

दवाखान्यात आई होती. तोंड सुजलेलं, बोलता येईना, म्हणून मी वहीत लिहून तिला कळवलं की हे पडल्यामुळं नाही, डॉक्टरच म्हणतात. तिनं बोट ठेवून सावकाश वाचलं आणि वही मिटली.

"डाक्टर काय गाडीवर बसेल होता?" म्हणाली.

चार महिन्यांनी सूज पूर्ण उतरली. मला समोर बसवून आईनं दोन बोटांनी माझा डावा जबडा चाचपला, लहानपणापासून चाचपायची तसाच. यावेळी ती हसली, आणि मग पोटातली गोष्ट बाहेर आली. "तुयं तोंड सरळ झालं त महाराजाच्या दारी यायची दाढी काढीन, असं बोलली होती मी. शेगावले जा लागते."

नवस आईचा आणि दाढी बाबांची! यात आमच्याकडं कुणाला नवल वाटत नाही. बायका नवऱ्याचे केस, दिराचा उपास, जे सुचेल ते बोलून मोकळ्या होतात. पण बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी कधी न्हाव्याला दाढीला हात लावू दिला नव्हता. छोटी कात्री घेऊन स्वतःच कोपऱ्यात बसायचे. लग्नाच्या फोटोतसुद्धा दाढी होती.

"दुसरं काई देऊ महाराजाले," ते म्हणाले.

"बोललं ते बोललं."

महाराजांचं नाव आल्यावर बाबांना नाही म्हणता येईना.

शेगावात देवळाजवळच्या एका सलूनमध्ये बाबा खुर्चीत बसले. आम्ही मागं बाकावर. न्हाव्यानं उजवी बाजू केली, मग डावी. मध्येच त्याचा हात थांबला. मी आरशात पाहिलं. डावा जबडा खंगलेला, हनुवटी कललेली. नागपुरात माझ्या हातात दिला होता तोच जबडा. जे तोंड मी ऑपरेशनच्या टेबलावर टाकून आले असं समजत होते, ते बाबांच्या मानेवर होतं.

मग एकेक कळत गेलं. आजी त्यांची जन्मदाती, आत्या सख्ख्या बहिणी. दाढी फुटायच्या आधीचं हे तोंड त्यांनी रोज पाहिलं होतं. सगळ्यांना माहीत होतं, फक्त आईला आणि मला नव्हतं. बाबांना तिथंच जाब विचारायला मी तोंड उघडलं.

आई उठली. तिनं दोन बोटांनी बाबांचा डावा जबडा चाचपला.

"तुमाले मालूम होतं?"

बाबांनी मान खाली घातली. "हाव."

दर्शन झालं, एसटी मिळाली, फाट्यावर उतरलो. शेजारच्या काकांची बैलगाडी गावाकडं निघाली होती. काकांनी मला आणि बाबांना हाक मारली. आईला बोलवायचं नसतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आईनं साडी सावरली, चाकावर पाय ठेवला, चढून बसली आणि मला वर घ्यायला हात पुढं केला. बाबा तोंडाला दुपट्टा गुंडाळून गाडीजवळ आले.

आई त्यांच्याकडं न बघता काकांना म्हणाली, "हाका तुमी. हे येतीन मांगून पायी."